हयगयीच्या आधीचे तास

टॉमी टायरवर आपटली की आवाज परत येतो. हवा नीट भरलेली असेल तर तो खणखणीत येतो आणि टॉमी हातात उसळते. हवा कमी असेल तर थप्प असा बसका आवाज येतो. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत, एका फाउंड्रीच्या फाटकाबाहेर, संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला विशीतला एक किन्नर, म्हणजे क्लीनर, दहा टायरांच्या ट्रकभोवती असा ठोकत फिरत होता. मागच्या डाव्या जोडीतल्या आतल्या टायरपाशी तो थांबला. पुन्हा ठोकलं, वाकून कान लावला.

“मामा, आतला बसलाय.”

केबिनमधून उतरलेल्या चालकाने टॉमी स्वतःच्या हातात घेतली, दोनदा ठोकली आणि मान डोलावली. जोडीतला एक टायर बसला की त्याचं ओझं शेजारच्यावर जातं. तो तापत राहतो आणि कुठेतरी घाटात फुटतो. हे त्या पोराला कुठल्या प्रशिक्षणवर्गात शिकवलं नव्हतं. मामाने शिकवलं होतं. मामा सख्खा. बहिणीच्या मुलाला त्याने हाताशी घेतलं आहे, कारण एरवी किन्नर ठेवणं आता मालकाला परवडत नाही. या रस्त्यावरचे बरेच ट्रक आज एकट्या चालकाच्या भरवशावर रात्र काढतात.

ट्रकमध्ये लोखंडी कास्टिंग होतं. मुक्काम न्हावा शेवा बंदर, अंतर सुमारे पावणेचारशे किलोमीटर. गाडी सकाळी नऊला फाटकावर लागली होती. आधीची गाडी भरून व्हायची होती, मग क्रेन दुसरीकडे गेली, मग बिल्टी तयार नव्हती. काटा करून बाहेर पडायला साडेसहा वाजले. चालक त्या दिवशी पहाटे पाचला उठला होता. म्हणजे स्टिअरिंगवर पहिला हात ठेवताना त्याच्या जागरणाचे साडेतेरा तास झाले होते आणि कामाचा एकही मोजला गेला नव्हता.

अपघात झाला की पोलीस ठाण्यात जी फिर्याद लिहिली जाते, तिच्यात एक वाक्य ठरलेलं असतं: चालकाने रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात वाहन चालवून अपघात केला. गाव कुठलंही असो, वाक्य तेच. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात त्यांतल्या सुमारे ७१ टक्के मृत्यूंपुढे कारण म्हणून अतिवेगाची नोंद आहे. महाराष्ट्रात दरवर्षी जाणाऱ्या जिवांचा आकडा पंधरा हजारांच्या आसपास राहतो. कारणाचा रकाना अपघाताच्या शेवटच्या काही सेकंदांवर बोट ठेवतो, आणि त्या सेकंदांत चालकाची चूक बहुतेक वेळा असतेही. पण ती चूक स्टिअरिंगपर्यंत पोचते कशी, ते पाहायचं तर त्याच्या आधीचे तास पाहावे लागतात.

आठ तासांचा कायदा

कायदा नाही असं नाही. मोटार परिवहन कामगार अधिनियम १९६१ सालचा. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, सलग पाच तास काम झाल्यावर किमान अर्ध्या तासाची विश्रांती, आणि कामाला लागल्यापासून सुटेपर्यंत एकूण बारा तासांच्या आत सगळं. लांब पल्ल्यासाठी थोडी सवलत, तीही मोजून. मोटार वाहन कायद्याचं ९१ वं कलम हेच तास मालवाहू आणि प्रवासी गाड्यांच्या चालकांना लागू करतं. कागदावर साठीच्या दशकापासून सगळं नीट बांधलेलं आहे.

तो अधिनियम मात्र पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू व्हायचा, आणि देशातले बहुसंख्य ट्रक पाचाहून कमी गाड्या असणाऱ्या मालकांचे आहेत. असा मालक स्वतः कधीकाळी चालक असतो. गाडीवर कर्ज असतं, हप्ता दर महिन्याला जातो, भाडं मात्र बाजार ठरवतो. तो चालकाला पगाराऐवजी खेपेवर पैसे देतो. एक खेप म्हणजे एक ठरावीक रक्कम आणि वाटेचा भत्ता. त्यातून जेवण, पंक्चर, माल उतरवताना मागितली जाणारी वाराई आणि इतर हातचा खर्च भागवायचा. उरेल ते चालकाचं.

खेपेवर पैसे म्हणजे फाटकाबाहेर वाट पाहण्याला मोल नाही. शिरोलीतले ते साडेनऊ तास कोणाच्याच हिशेबात नव्हते. कारखान्याने क्रेनचा वेळ वाचवला, दलालाने भाडं ठरवलं, मालकाला गाडी दुसऱ्या दिवशी परतीच्या मालाला हवी. दिवसा वाया गेलेला वेळ भरून काढायला एकच जागा उरते: रात्रीचा रस्ता. घाई फाटकाबाहेर जन्मते आणि वेगाच्या रूपाने कॅमेऱ्यात दिसते.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यांत हे चक्र आणखी जोरात फिरतं. कापड, फटाके, सुकामेवा, रंग, फ्रीज, टीव्ही, सगळं एकाच वेळी हलायचं असतं. महिन्यातल्या खेपा वाढतात. चालकही नाही म्हणत नाही, कारण सणाच्या तोंडावर घरी न्यायचे पैसे याच खेपांतून यायचे असतात. खंडेनवमीला गाडीला झेंडूची माळ घातली की दुसऱ्या दिवसापासून धावपळ सुरू.

डोळा लागतो म्हणजे काय

कराडच्या पुढे एका ढाब्यावर गाडी थांबली. पिठलं-भाकरी, खर्डा, ताक. चालकाने अर्धीच भाकरी खाल्ली. भरल्या पोटी गाडी चालवायला बसलं की जडपणा येतो, हे अनुभवाने शिकलेलं. झोप आली तर काय करता, असं विचारल्यावर त्याने हाताने उत्तर दिलं: डाव्या तळव्यावर तंबाखू, उजव्या अंगठ्याने मळणी. मग म्हणाला, “तोंडावर पाणी मारायचं, गाणी लावायची, काच खाली करायची. झोप जात न्हाई, पर पुढं ढकलती.”

झोपेचं शास्त्रही हेच सांगतं, फक्त त्याला आकडे जोडतं. सतरा तास जागं राहिलेल्या माणसाच्या प्रतिसादांची मंदी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी होते, आणि चोवीस तासांनंतर ती ०.१० टक्क्यांच्या जवळ जाते, असं डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं. भारतात मद्याची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे दारूचा थेंबही न घेतलेला, पण पहाटेपासून जागा असलेला चालक रात्री दहानंतर अशा अवस्थेत असतो की तेवढी मंदी दारूमुळे असती तर त्याला अटक झाली असती. झोप मोजणारं नळीचं यंत्र मात्र पोलिसांकडे नाही.

रात्री दोन ते पहाटे पाच ही वेळ सगळ्यात वाईट. शरीराचं तापमान उतरतं, आणि मेंदू चार-पाच सेकंदांच्या डुलक्या घेऊ लागतो, कधी उघड्या डोळ्यांनीसुद्धा. ताशी ६० किलोमीटरने चाललेला ट्रक सेकंदाला साडेसोळा मीटर जातो. चार सेकंदांच्या डुलकीत तो ६५ मीटरहून जास्त अंतर कोणाच्याच ताब्यात नसतो. अशा धडकांनंतर रस्त्यावर ब्रेकच्या खुणा दिसत नाहीत, कारण ब्रेकवर पाय गेलेलाच नसतो.

सेव्हलाइफ फाउंडेशनने देशातल्या दहा शहरांतल्या ट्रकचालकांची पाहणी केली होती; तिचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. ४९ टक्के चालकांनी सांगितलं की थकवा किंवा झोप असतानाही आपण गाडी चालवतो. हे कबुली देणारे. मग ते थांबत का नाहीत?

थांबायचं कुठे, हा साधा प्रश्न आहे. महामार्गाच्या कडेला उभा ट्रक मागून येणाऱ्यासाठी मृत्यूचा सापळा असतो. मागचे दिवे बंद असले, परावर्तक पट्टी चिखलाने माखलेली असली, तर कारचालकाला तो शेवटच्या क्षणी दिसतो. दिवे, पाणी, शौचालय आणि राखणदार असलेले वाहनतळ मोजके. ढाब्यावर जेवणाऱ्यालाच जागा, आणि तिथेही उजाडेपर्यंत डिझेलची टाकी, बॅटरी आणि ताडपत्रीखालचा माल शाबूत राहील याची खात्री नाही. एकटा चालक झोपला की चोरीचा धनी तोच, भरपाई त्याच्या उचलीतून कापली जाते. म्हणून तो झोप पुढे ढकलत राहतो.

मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग २०२२ च्या डिसेंबरमध्ये नागपूरपासून शिर्डीपर्यंत खुला झाला, तेव्हा हीच उणीव ठळकपणे दिसली. रस्ता सरळ, वळण नाही, चढउतार नाही, झाड नाही, आणि सुरुवातीला मैलोन्‌मैल उतरायला जागा नाही. नजरेला काम उरलं नाही की मेंदू सुस्तावतो. रस्ता जितका निर्धोक दिसतो तितका थकलेल्या माणसाला तो जास्त झोपवतो, त्यामुळे अशा रस्त्यावर विसाव्याच्या जागा डांबराइतक्याच गरजेच्या ठरतात.

रात्रीच्या रस्त्यावर दुसरं दुखणं नजरेचं. चाळिशीनंतर डोळ्यांचा नंबर बदलतो आणि समोरच्या एलईडी दिव्यांची तिरीप जास्त वेळ टिकते. परवाना नव्याने करताना डॉक्टरांचा दाखला लागतो, पण व्यावसायिक परवान्याची मुदत पाच वर्षांची, आणि दाखला कितपत तपासून दिला जातो हे डॉक्टरवर अवलंबून. साईटसेव्हर्स संस्थेने २०१७ मध्ये ट्रकचालकांसाठी ‘राही’ हा नेत्रतपासणीचा कार्यक्रम सुरू केला, तो वाहतूकनगरांत आणि महामार्गांवर नेऊन. कारण चालक दवाखान्यात जात नाही. गेला तर खेप बुडते. चष्मा त्याच्या वाटेवरच न्यावा लागतो.

आणि दिवाळीच्या सुमाराला या पट्ट्यात ऊस येतो. कराड, सातारा, सांगली, कोल्हापूर. गळीत हंगाम सुरू झाला की एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, बाजूंनी बाहेर आलेली वाढी, मागे दिवा नाही, असलाच तर एखादं लाल रेडियम. ताशी पंधरा-वीस किलोमीटरने चाललेली ही काळी भिंत ट्रकच्या दिव्यांत येईपर्यंत वेळ निघून गेलेली असते. ट्रॅक्टरवाल्यालाही टनावर पैसे मिळतात. कारखान्याच्या फाटकावर तोही रांगेत थांबून आलेला असतो.

कात्रजचा उतार

खंबाटकीचा बोगदा ओलांडला, खेड शिवापूरचा टोलनाका गेला, आणि रात्री साडेबाराच्या सुमारास ट्रक कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडला. इथून जांभूळवाडीचा दरी पूल, नऱ्हे आणि मग नवले पूल, सलग उतार. खाली शहराचे दिवे पसरलेले, दोन्ही बाजूंना वस्ती. महामार्ग बांधला तेव्हा इथे शेतं होती. आता नोकरी-धंद्यावरून परतणारे दुचाकीस्वार याच उतारावर ट्रकांच्या सोबतीने धावतात.

२० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका ट्रकने या उतारावर ४८ वाहनांना धडक दिली. सुरुवातीला ‘ब्रेक निकामी’ असं म्हटलं गेलं. तपासात समोर आलं ते वेगळं: डिझेल वाचवायला चालकाने उतारावर इंजिनच बंद केलं होतं. १३ नोव्हेंबर २०२५ ला पुन्हा तिथेच, कंटेनरने अनेक वाहनांना चिरडलं, दोन अवजड वाहनांमध्ये सापडलेली एक कार पेटली, आणि आठ जणांचा जीव गेला. त्यानंतर या पट्ट्यातली वेगमर्यादा आणखी खाली आणली गेली.

इंजिन बंद करण्यामागे वेडेपणा नाही, हिशेब आहे. मालक गाडीला ठरावीक सरासरीने डिझेल देतो. त्यातून वाचेल ते चालकाच्या पदरात पडतं. मागच्या पिढीच्या उस्तादांनी शिष्यांना शिकवलेलं असतं की उताराला गाडी न्यूट्रलमध्ये सोडावी, फुकटचे चार-पाच किलोमीटर मिळतात. जुन्या इंजिनांत त्यात थोडं तथ्य होतं. नव्या इलेक्ट्रॉनिक इंजिनांत गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की डिझेलचा फवारा आपोआप थांबतो. उतरणारी चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळत राहतं. म्हणजे ज्या बचतीसाठी जीव टांगणीला लावला जातो, ती बचत मुळात नाहीच. पण हे त्या चालकाला कोणी सांगायचं? परवान्याच्या परीक्षेत तो सपाट मैदानावर आठचा आकडा काढून पास झालेला असतो.

इंजिन बंद केल्यावर काय होतं, ते शिरोलीच्या मामाने डॅशबोर्डवरच्या काट्यावर बोट ठेवून दाखवलं. ट्रकचा ब्रेक हवेच्या दाबावर चालतो. हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर चालतो. इंजिन बंद, तर टाकीतली साठलेली हवाच काय ती शिल्लक. प्रत्येक वेळी पाय दाबला की काटा थोडा खाली येतो. पॉवर स्टिअरिंगही इंजिनवरच, त्यामुळे चाक दगडासारखं जड होतं. इंजिन ब्रेक गेला, हवा संपत आली, स्टिअरिंग वळेना, आणि मागे पंचवीस-तीस टन वजन. नवले पुलापाशी पोचेपर्यंत चालकाच्या हातात फक्त हॉर्न उरतो.

मामाने बोगद्यातून बाहेर पडण्याआधीच खालचा गिअर टाकला. एक्झॉस्ट ब्रेकचा फुसकारा सुरू झाला. शेजारून दोन ट्रक सुसाट निघून गेले. त्याने त्यांच्याकडे पाहिलंही नाही, काट्याकडे पाहिलं.

चारशे लिटर पाणी

किवळ्याला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग लागतो. साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा हा रस्ता चालकांच्या तोंडी ‘एक्स्प्रेस’. लोणावळा-खंडाळा मागे पडलं की बोरघाट. खोपोलीपर्यंत रस्ता सुमारे ५०० मीटर खाली उतरतो. मामा तिथे पोचला तेव्हा रात्रीचे सव्वादोन झाले होते. जागरण एकवीस तासांच्या पुढे.

साडेअठ्ठावीस टनांचा ट्रक ५०० मीटर खाली आणायचा, आणि वेग वाढू द्यायचा नाही, तर ती सगळी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. हिशेब केला तर तेवढ्या ऊर्जेत चारशे लिटरहून जास्त पाणी उकळेल. काही भाग टायरच्या घर्षणात आणि हवेत जातो. उरलेला इंजिनने घ्यायचा की ब्रेकच्या ड्रमने, हे गिअर ठरवतो. खालच्या गिअरमध्ये इंजिन बराच भार घेतं. वरच्या गिअरमध्ये किंवा न्यूट्रलमध्ये सगळी उष्णता लायनर आणि ड्रममध्ये जाते. ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड सुटते, जळका वास येतो. पाय पूर्ण दाबूनही गाडी थांबत नाही. ‘ब्रेक फेल’ म्हणून जे सांगितलं जातं, त्यातले कित्येक ब्रेक तुटलेले नसतात, तापून हरलेले असतात. गार झाल्यावर तेच ब्रेक तपासणीत व्यवस्थित लागतात, आणि चालक खोटं बोलला असा निष्कर्ष निघतो.

ट्रकमध्ये मंजुरीपेक्षा दोन-चार टन जास्त असतील, तर उकळणारं पाणीही त्या प्रमाणात वाढतं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अ‍ॅक्सलवरची मर्यादा वाढवली. तीन अ‍ॅक्सलच्या ट्रकची २५ टनांवरून साडेअठ्ठावीसवर, सगळ्यात मोठ्या जोडगाड्यांची ४९ वरून ५५ वर. नव्या मर्यादेने ओव्हरलोड थांबला नाही, नवी मर्यादा नवा पाया झाली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला २० हजार रुपये आणि वरच्या दर टनाला दोन हजार दंड आहे. कायद्याचे शब्द स्पष्ट आहेत: गाडी चालवणारा आणि चालवायला लावणारा, दोघंही दोषी. रस्त्यावर मात्र पोलिसाला दिसतो तो एकच. माल भरणारा आपल्या कार्यालयात असतो, भाडं टनावर ठरवणारा दलाल फोनवर असतो.

बोरघाटात आता गाडीच्या वेगावर यंत्राची नजर आहे. २०२४ मध्ये द्रुतगती मार्गावर कॅमेऱ्यांची यंत्रणा सुरू झाली. घाट उतरणाऱ्या अवजड वाहनांना तेव्हा ताशी ४० किलोमीटरची मर्यादा होती. ती काटेकोर पाळायची तर दहा-बारा किलोमीटर सतत ब्रेकवर पाय लागतो, अशी वाहतूकदारांची तक्रार. खालचा गिअर आधीच टाकला तर तेवढा पाय लागत नाही, असं तंत्रज्ञ सांगतात. दोघांच्या मधल्या जागेत प्रशिक्षण नावाची गोष्ट असायला हवी होती. तिच्या जागी चलन आलं. चलन गाडीच्या नंबरावर मालकाकडे जातं, मालक ते चालकाच्या हिशेबातून वळतं करतो. २०२५ च्या जुलैमध्ये राज्यातल्या मालवाहतूकदारांनी ई-चलनांविरुद्ध संप केला, त्यामागे ही सगळी चिडचिड होती.

केबिन हाही सुरक्षिततेचाच भाग आहे, हे मान्य व्हायला फार काळ गेला. जुन्या ट्रकांत इंजिनची धग थेट पायांशी येते. उन्हाळ्यात केबिनचा पत्रा तापतो, आणि आठ-दहा तास घाम गाळलेला माणूस संध्याकाळी अर्धा संपलेला असतो. साडेतीन टनांहून जड नव्या मालवाहू गाड्यांना वातानुकूलित केबिन बंधनकारक करणारी अधिसूचना २०२३ च्या डिसेंबरमध्ये निघाली आणि तिची अंमलबजावणी २०२५ ची ठरली. ती नव्या गाड्यांसाठी. आज रस्त्यावर असलेले लाखो ट्रक अजून कित्येक वर्षं त्याच धगीत धावणार आहेत.

पळून जाणारा चालक

‘चालक फरार’ हे बातमीतलं आणखी एक ठरलेलं वाक्य. भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमाच्या दुसऱ्या भागात प्राणघातक अपघातानंतर न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आली. २०२४ च्या जानेवारीत देशभर चालकांनी गाड्या उभ्या केल्या. मनमाडजवळच्या पानेवाडीतल्या इंधन डेपोतून टँकर निघाले नाहीत आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. सरकारने ती तरतूद लागू करणं थांबवलं.

जखमीला रस्त्यावर सोडून जाणं गैर आहे, यात दुमत असू शकत नाही. अपघातानंतरचा पहिला तास जीव वाचवणारा असतो, आणि त्या वेळी घटनास्थळी हमखास हजर असलेला माणूस म्हणजे चालकच. तो पळतो, कारण जमाव मोठ्या गाडीच्या चालकाला चूक कोणाची हे विचारत नाही. दगड येतो, काच फुटते, केबिन पेटते. परमुलखात, भाषा न येणाऱ्या गावात, रात्री एकटा असलेला माणूस आधी स्वतःचा जीव वाचवतो. त्याने जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा फोनवर कळवावं, एवढी वाट कायद्याने ठेवली आहे. ती वाट त्याला माहीत असणं आणि तिथे पोचेपर्यंत त्याला संरक्षण मिळणं, या दोन्ही गोष्टी अजून व्हायच्या आहेत.

मोजता येतं ते

एसटीच्या आगारात चालकांची नावं ड्युटीच्या तक्त्यावर लागतात. कोण किती वाजता निघाला, कुठे मुक्कामाला राहिला, सकाळी परतीची गाडी कितीची, हे तक्ता सांगतो. पंचवीस वर्षं विनाअपघात सेवा केलेल्या चालकांचा महामंडळ सत्कार करतं, आणि तो बिल्ला लावणारे चालक गावोगाव आहेत. मुक्कामाच्या खोल्यांतली गैरसोय, डास आणि तुटके पलंग हा तक्रारीचा जुना विषय आहेच. तरीही तिथे चालकाचे तास ही कोणाची तरी जबाबदारी आहे, आणि हाच ट्रकच्या आणि एसटीच्या स्टिअरिंगमधला मोठा फरक.

युरोपीय संघात तास मोजायला गाडीतच टॅकोग्राफ बसवलेला असतो. साडेचार तासांनंतर पाऊण तास थांबायचं, दिवसाला नऊ तास, आठवड्यातून दोनदा फार तर दहा. चालकाचं कार्ड यंत्रात घातल्याशिवाय चाकं हलवणं गुन्हा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनीही २०२१ मध्ये ट्रकचालकांचे तास वैमानिकांप्रमाणे ठरवायला हवेत असं म्हटलं होतं. त्यासाठी लागणारी अर्धी माहिती आज आपल्याकडे आहे. फास्टॅगमुळे खेड शिवापूरला ट्रक किती वाजता होता आणि उर्से टोलला किती वाजता, हे यंत्राला ठाऊक असतं. ई-वे बिलात माल कधी निघाला ते असतं. फक्त ते सगळं गाडीच्या नावाने असतं. स्टिअरिंगवरचा माणूस तोच आहे की बदलला, तो किती तास जागा आहे, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

भारतातही माणूस बदलण्याचा एक प्रयोग झाला. २०१४ मध्ये सुरू झालेल्या रिव्हिगो कंपनीने टपालाच्या जुन्या घोड्यांसारखी पद्धत आणली. चालक चार-पाच तास गाडी नेतो, ठरलेल्या तळावर दुसऱ्याच्या ताब्यात देतो आणि उलट दिशेची गाडी घेऊन रात्रीच्या आत घरी परततो. ट्रक अखंड चालतो, माणूस झोपतो. अशी साखळी उभारायला तळ हवेत, दोन्ही दिशांनी पुरेसा माल हवा. एक-दोन गाड्यांच्या मालकाला ती एकट्याने जमणारी नाही.

आणि खुद्द द्रुतगती मार्गानेच एक गोष्ट दाखवून दिली आहे. २०१६ मध्ये या रस्त्यावर १५१ जण मेले. त्या वर्षी रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन यांनी मिळून प्रत्येक धोक्याची जागा पायी फिरून शोधायला सुरुवात केली. कठड्यातली फट, रस्त्यालगतचा उघडा खांब, कडेला तासन्‌तास उभे राहणारे ट्रक, जखमीला उचलायला लागणारा वेळ. २०१९ पर्यंत मृत्यूंचा आकडा ९२ वर आला. चालक तेच होते.

रांग

पहाटे पाच वाजता कळंबोली ओलांडून ट्रक बंदराच्या रस्त्यावरच्या रांगेत लागला. पुढे चाळीसेक गाड्या. मालकाचा फोन येऊन गेला: गाडी दुपारपर्यंत खाली झाली तर परतीचं भाडं तयार आहे, कोल्हापूरचंच. मामाने हो म्हटलं, हातब्रेक ओढला, उशाला टॉवेलची घडी घेतली आणि सीटच्या मागच्या फळीवर आडवा झाला. चोवीस तास झाले होते.

भाचा जागा राहिला. तो वाटेत दोन-तीन तास झोपला होता. त्याच्याकडे अवजड गाडीचा परवाना नाही, त्यामुळे रांग पुढे सरकली की मामाला उठवावं लागत होतं. सव्वापाचला दोन गाड्यांइतकी जागा झाली. मामा उठला, गाडी पुढे घेतली, पुन्हा आडवा झाला. साडेपाचला तसंच. पाच चाळीसला मागच्याने हॉर्न वाजवला. सात वाजेपर्यंत तो नऊ वेळा उठला. मधल्या वेळात पोराने खाली उतरून टॉमी घेतली आणि मागच्या डाव्या जोडीपासून टायर ठोकायला सुरुवात केली, हळू, केबिनपर्यंत आवाज जाणार नाही इतक्या बेताने.